आधी आधार, मग वाट, शेवटी भोक

पर्यटकांचा हंगाम जवळ आला की मालवणात लोकांना आपल्याच घरात नव्या खोल्या दिसायला लागतात. इतकी वर्षं जिथे नारळ, सरपण, फाटकी जाळी आणि गणपतीची माटवी पडून होती, ती तळातली खोली एकदम 'सी-व्ह्यूच्या खालची रूम' होते. फरशी बसते, बाथरूम बसतं, रंग होतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की खोलीत दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो आणि कुबट वास काही जात नाही. तेव्हा मला फोन येतो. ''डोंगराकडच्या भित्तीक एक खिडकी पाडून दी गो बाय. बाकीचा आमी बघतो.''

मी मालवणचीच. कुंभारमाठच्या शासकीय तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेतली आणि तेव्हापासून घरांची कामं घेते. वडील चिरेखाणीवर मुकादम होते, त्यामुळे दगड आधी हाताला कळला, काँक्रीट नंतर पुस्तकातून. हा लेख त्या 'एका खिडकी'साठी आहे. ती पाडता येते. पण लोकांना वाटतं खिडकी म्हणजे भोक, आणि भोक पाडणं हे त्या कामातलं शेवटचं आणि सगळ्यात सोपं पाऊल असतं. त्याच्या आधी भिंतीला दुसरा आधार द्यावा लागतो आणि पाण्याला वाट काढून द्यावी लागते. हा क्रम उलटा केला की पहिल्या दोन गोष्टी मिरग लागल्यावर आठवतात.

मालवणात तळघर कुठलं?

तारकर्ली-देवबागच्या वाळूत तळघर कुणी बांधत नाही. चार-पाच हात खणलं की पाणी लागतं. आपल्याकडचं तळघर हे उताराचं अपत्य आहे. कुंभारमाठचा सडा संपतो आणि जमीन समुद्राकडे उतरायला लागते, तिथल्या घरांना रस्त्याच्या पातळीवर एक मजला असतो आणि त्याच्या खाली अर्धा मजला. त्याची समुद्राकडची बाजू मोकळी, डोंगराकडची मातीत. आचरा, मसुरे, रेवंडी, कोळंब, जिथे जिथे उतार आहे तिथे हीच रचना. म्हणजे चारही बाजूंनी पुरलेलं शहरी बेसमेंट इथे क्वचित. एका भिंतीवर माती, दोन भिंतींवर तिरकी उतरत गेलेली माती आणि चौथी उघडी, हे नेहमीचं.

त्या पुरलेल्या भिंतीचा एक फायदा कुणी मोजत नाही. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला. पावसाची झड येते ती नैऋत्येकडून. मातीत गेलेली भिंत बहुतेक वेळा पूर्वेची, म्हणजे झडीच्या आडोशाची. समुद्राकडच्या खिडक्यांना जून लागला की प्लॅस्टिक आणि झापं बांधायची वेळ येते, तशी या खिडकीला येत नाही. शिवाय सकाळचं ऊन मिळतं. तेव्हा खिडकीची जागा लोक चुकीची सांगत नाहीत. ती भिंत काय काम करते, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आधी भिंतीची जात ओळखा

'काँक्रीटची भिंत' म्हणून मला दाखवतात त्यातल्या बऱ्याच भिंती काँक्रीटच्या नसतात. बाहेरून सिमेंटचा गिलावा, आत वेगळंच काही. तीन प्रकार सापडतात.

पहिला, जुन्या घराची चिऱ्याची भिंत. दीड-दीड फूट जाड, चिऱ्यावर चिरा, मधे माती किंवा चुना. वरच्या मजल्याचं सगळं वजन हीच भिंत पेलते आणि मागची मातीही आपल्या वजनावर थोपवते. दुसरा, काँक्रीटचे खांब आणि तुळया, मधल्या चौकटीत चिरा भरलेला. गेल्या काही दशकांतली बहुतेक घरं अशी. तिसरा, खरीखुरी काँक्रीटची भिंत, सळया बांधून, सेंट्रिंग लावून एकसंध ओतलेली. साधारण आठ इंच जाड.

ओळखायची सोपी खूण आहे. भिंतीत बारीक ड्रिल मारा आणि खाली पडणारी भुकटी बघा. गिलाव्याची राखाडी भुकटी संपून तांबडी यायला लागली तर चिरा. राखाडीच येत राहिली आणि ड्रिल मधेच सळईवर आपटून थांबलं तर काँक्रीट. तीन-चार ठिकाणी मारून बघायचं, कारण एकाच भिंतीत खांबही असतो आणि भरावही. सळया कुठे, किती अंतरावर आहेत हे शोधणारं हातातलं यंत्र भाड्याने मिळतं. घराचा मूळ नकाशा निघाला तर देवच पावला.

दुसरा प्रकार असेल तर काम निम्म्याने हलकं. वरचं वजन तुळई आणि खांब घेतात. दोन खांबांच्या मधल्या चिऱ्यांत, मागची माती सांभाळून, खिडकी बसवता येते. अट एकच: खांबाला आणि तुळईला छन्नीसुद्धा लावायची नाही. अवघड जातात ते पहिला आणि तिसरा प्रकार, आणि दोघांचे स्वभाव अगदी उलटे.

चिरा बोलतो, काँक्रीट गप्प राहतं

फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टराने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात मलबारातल्या जांभ्या दगडाबद्दल, म्हणजे आपल्या चिऱ्याबद्दल, लिहिलं आहे, की तो खणताना मऊ असतो आणि हवा लागली की टणक होतो. आमच्या खाणीवरच्या कुठल्याही कामगाराला हे लिहून कळवायची गरज नव्हती. असा दगड कापणं, काढणं, पुन्हा बसवणं हे इथल्या गवंड्याच्या हातात मुरलेलं आहे.

चिऱ्याच्या भिंतीत भोक पाडलं तर काय होतं ते पाहायला गडग्याचा खालचा एखादा चिरा ओढून बघावा. वरचे सगळे कोसळत नाहीत. एक-दोन खाली येतात, उरलेले आजूबाजूच्या दगडांवर पायरी-पायरीने भार टाकून उभे राहतात. मोठ्या भोकावरही हेच घडतं: भोकाच्या वर साधारण एका त्रिकोणातला भाग सुटतो, त्याच्या बाहेरची भिंत आपली आपण कमान धरते. चार फूट रुंद भोक असेल तर हा त्रिकोण साडेतीन फुटांच्या आसपास उंच. लिंटेलला मुख्यतः एवढंच वजन पेलायचं असतं. पण त्या त्रिकोणात वरच्या मजल्याची तुळई टेकलेली असेल, किंवा भिंत तेवढी उंचच नसेल, तर हिशेब बदलला. म्हणून चिऱ्याच्या घरात मी आधी वर जाते आणि तुळया कुठे टेकल्यात त्याच्या खुणा खाली आणते.

मग भिंत अर्ध्या-अर्ध्या जाडीने उघडायची. आतल्या बाजूने निम्म्या जाडीत आडवी खाच घेऊन त्यात लिंटेल बसवायचं, वरच्या फटीत घट्ट मसाला ठोकून भरायचा, तो पक्का होईपर्यंत थांबायचं. मग बाहेरच्या बाजूने दुसरं लिंटेल. दोन्ही भार घ्यायला लागले की खालचे चिरे एकेक करून काढायचे. या सगळ्या काळात भिंत बोलत असते. माती भुरभुरते, सांधा उघडतो, एखादा चिरा बोटभर सरकतो. आमचे मिस्त्री भिंतीवर हात ठेवून उभे राहतात आणि म्हणतात, ''थांब जरा, ही अजून बसता हा.''

काँक्रीट असं काही सांगत नाही. ते एकसंध असतं. दाब आणि ताण दोन्ही त्याच्या पोटात चाललेले, आणि ताण घेणाऱ्या सळया डोळ्यांना दिसत नाहीत. भोक पाडल्यावर ते दिवसेंदिवस जसंच्या तसं उभं राहतं, मालक म्हणतो, ''बघा, काय झाला?'' आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते.

ही भिंत नक्की काय पेलते

मातीत गेलेल्या काँक्रीटच्या भिंतीवर दोन भार असतात. एक वरून: स्लॅब, वरच्या भिंती, माणसं. पाच इंची स्लॅबचं नुसतं स्वतःचं वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातं. दुसरा बाजूने: मातीचा रेटा. हा रेटा वर कमी आणि खाली जाल तसा वाढत जातो.

भिंत खाली पायात आणि वर स्लॅबमध्ये अडकलेली असेल तर बाजूच्या रेट्याने ती मधोमध आत वाकू पाहते, दोन टोकांना टेकवलेली फळी मधे दाबावी तशी. मग तिच्या आतल्या अंगाला, म्हणजे खोलीच्या बाजूला, ताण येतो आणि तिथल्या उभ्या सळया तो धरतात. चार फूट रुंद खिडकी पाडली की चार फुटांतल्या त्या उभ्या सळया तुटल्या. त्यांचा वाटा आता खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर येतो, आणि त्या पट्ट्यांना त्यांच्या वाट्याचा भार आधीच आहे.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. मालकांना आडवी, लांब खिडकी आवडते. भिंतीला उभी, अरुंद आवडते, कारण तेवढ्याच उजेडासाठी ती कमी उभ्या सळया तोडते. एक मोठी करण्यापेक्षा मधे भक्कम पट्टा सोडून दोन अरुंद केलेल्या बऱ्या.

उजेडाचा हिशेबही याच दिशेने जातो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-दमट हवामानात राहत्या खोलीच्या खिडक्या-झरोके जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक षष्ठांश हवेत. कोरड्या उष्ण भागात एक दशांश चालतात. आपल्या १० बाय १२ च्या खोलीचं क्षेत्रफळ १२० चौरस फूट, म्हणजे २० चौरस फुटांच्या खिडक्या. अडीच फूट रुंद आणि चार फूट उंच अशा दोन केल्या की बरोबर २० होतात.

आता पाणी. रेट्याच्या हिशेबात पाणी मातीपेक्षा वाईट. भिंतीमागे पाच फूट माती आहे असं धरा. निचरा होणाऱ्या मातीचा तळाशी रेटा चौरस मीटरला साधारण एक टनाच्या आत-बाहेर. तीच माती पाण्याने तुडुंब भरली आणि पाण्याला जायला वाट नसेल, तर नुसत्या पाण्याचाच दीड टन होतो. वर मातीचा थोडा राहतोच. म्हणजे रेटा दुपटीच्या आसपास. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. वरचा चिऱ्याचा थर सच्छिद्र, तो पाणी झपाझप खाली सोडतो. त्याखाली मऊ, पांढरट-गुलाबी चिकण लागते, ती अडवते. अडलेलं पाणी उताराने सरकत येऊन घराच्या पाठीला टेकतं. तळघरात ओल येते ती बहुतेक वेळा ही.

म्हणूनच, ''खिडकी पाडली की ओल जाईल ना?'' या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' असतं. भिंतीतून झिरपणारं पाणी खिडकीने थांबत नाही. मातीला टेकलेली भिंत थंड असते; पावसाळ्यातली दमट हवा खिडकीतून आत येऊन तिला लागली की भिंतीला घाम फुटतो. ऑक्टोबर ते मे ही खिडकी खोली सुकवते. जून-जुलैत ती बंद ठेवून पंखा लावलेला बरा. झिरपण्यावरचा इलाज भिंतीच्या मागे आहे, आणि सुदैवाने खिडकीसाठी आपल्याला तिथे खणायचंच असतं.

परदेशी व्हिडिओ आणि इथली भिंत

हल्ली मालक मला व्हिडिओ दाखवतात. अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेला: दोन माणसं येतात, भिंतीवर रूळ बसवतात, हिऱ्याच्या पात्याची करवत फिरते, दुपारपर्यंत खिडकी तयार. व्हिडिओ खोटा नाही. तिकडे तळघरात झोपायची खोली करायची तर आगीच्या वेळी बाहेर पडता येईल अशी खिडकी लागते. तिथल्या नमुना निवासी संहितेत तिचं मोकळं तोंड साधारणपणे किमान ५.७ चौरस फूट आणि उंबरा जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको, असं ठरलेलं आहे. त्यामुळे जुन्या तळघरांना खिडक्या पाडणं हा तिकडे रोजचा धंदा आहे.

पण त्या घराचा वरचा मजला बहुधा लाकडी असतो, हलका. भिंतीत सळया थोड्या किंवा अजिबात नसतात. आपल्या भिंतीवर काँक्रीटचा स्लॅब बसलाय आणि त्यावर चिऱ्याच्या भिंती. करवत तीच वापरता येते, हिशेब तोच वापरता येत नाही. त्यांच्या नियमातली एक गोष्ट मात्र मला घ्यावीशी वाटते: पाहुण्यांना झोपायला देणार असाल, तर खिडकी माणूस बाहेर पडू शकेल एवढी हवी आणि तिचे गज आतून उघडणारे हवेत. तळातल्या खोलीला दार एकच असतं, आणि स्वयंपाकाचा सिलिंडर बऱ्याच घरांत त्याच दाराजवळ ठेवलेला मी पाहते.

काम कसं चालतं

परवानगी आधी. शहरात नगरपरिषद, गावात ग्रामपंचायत. भार घेणाऱ्या भिंतीला हात लावायचा म्हणजे संरचना अभियंत्याचा हिशेब आणि सही हवी. माझी पदविका कामावर देखरेख करायला पुरते, हा हिशेब सही करून द्यायला पुरत नाही. मी तो करून घेते. गणितात तीन गोष्टी विचारायच्या: तुटणाऱ्या सळयांच्या बदल्यात काय, कोपऱ्यांना काय, आणि काम चालू असताना स्लॅब कशावर उभा.

मग बाहेरची माती काढायची. खिडकीपुरता खड्डा नाही, तर दोन्ही बाजूंना ऐसपैस, आणि खड्ड्याच्या कडा उभ्या न ठेवता तिरक्या. माती निघाली की बाजूचा रेटाच गेला. भिंत मोकळी झाली. खणताना पायाच्या खाली जायचं नाही. भिंत उघडी पडलीच आहे तर तिची पाठ धुवायची, भेगा भरायच्या, वॉटरप्रूफिंगचा नवा थर द्यायचा आणि पायाच्या पातळीला भोकांचा पाईप खडीत घालून उताराकडे बाहेर काढायचा. खडीला गाळणीचं कापड गुंडाळलं नाही तर दोन पावसाळ्यांत चिकण आत जाऊन पाईप बुजतो. सपाट मुलखात या पाण्यासाठी पंप लागतो. आपल्याला उतार फुकट मिळालाय. पाईप घराला वळसा घालून खालच्या आगरात निघतो.

आत स्लॅबला टेकू. लोखंडी जॅक, त्यावर आडवी लोखंडी तुळई, खाली जाड फळ्या. मग खिडकीभोवती नवी चौकट: अभियंता सांगेल त्याप्रमाणे लोखंडी चॅनेल किंवा जादा सळयांचं काँक्रीट, भिंतीत भोकं पाडून केमिकल अँकरने पकडलेलं. ती ताकद धरेपर्यंत थांबायचं. इथे मालकाचा धीर सुटतो, कारण इतके पैसे जाऊनही खिडकी कुठेच दिसत नाही.

आता कापणी. सगळ्यात आधी चार कोपऱ्यांवर कोअर कटरने चार गोल भोकं. गोल पातं कोपऱ्यापर्यंत पूर्ण खोल जात नाही. तिथे पोचायला कारागीर रेघेच्या पुढे कापत नेतो आणि नको त्या सळया तोडतो. गोल भोक असलं की पातं तिथेच थांबतं. शिवाय तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटून चीर सुरू होते, गोलाईत तेवढा एकवटत नाही. भोकं झाली की रेघेवर करवत. पात्यावर पाणी सतत सोडायचं: पातं थंड राहतं आणि धूळ उडत नाही. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, नीट मास्क लागतो.

अडीच बाय चार फुटांच्या, आठ इंच जाड तुकड्याचं वजन साडेचारशे किलोच्या आसपास भरतं. तो एका दमात सोडायचा नसतो. आडव्या कापांनी चार-पाच तुकडे करायचे, कापात लोखंडी पाचरी ठोकायच्या म्हणजे तुकडा पात्यावर बसत नाही, आणि चेनपुलीने एकेक उतरवायचा. ब्रेकर मशीन स्वस्त पडतं म्हणून आग्रह होतो. करवतीने चारही बाजू सुट्या केल्यावर मधला भाग फोडायला ते चालेल. सुरुवातीपासून ब्रेकर लावला तर हादरे सळयांमधून भिंतभर जातात, काँक्रीटची सळईवरची पकड सुटते, कडा वेड्यावाकड्या फुटतात, आणि ते सगळं गिलाव्याखाली झाकलं जातं.

खारं वारं

किनाऱ्यावरच्या कापणीत एक काम जास्तीचं असतं, ते आतल्या मुलखातल्या कारागिराला सुचत नाही. कापलेल्या कडेवर सळयांची टोकं उघडी दिसतात, रुपयाएवढी चकचकीत. खाऱ्या हवेत ती गंजतात, गंज सळईच्या मूळ आकारमानापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि भोवतालचं काँक्रीट फोडतो. किनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या काँक्रीटला भारतीय मानक ४५६ 'तीव्र' वर्गात घालतं आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण मागतं. समुद्राचे तुषार थेट लागत असतील तर ५०. कापलेल्या टोकावर आवरण शून्य. म्हणून प्रत्येक टोक काँक्रीटच्या आत खोलवर कापून मागे न्यायचं, जस्ताचा प्रायमर लावायचा आणि खळगा पॉलिमर मसाल्याने भरायचा. कंटाळवाणं काम आहे, आणि देखरेख नसली की वगळलं जातं ते हेच.

चौकटीलाही हेच लागू. पूर्वी आपल्याकडे फणसाच्या नाहीतर सागाच्या चौकटी असत आणि त्या टिकत. आता युपीव्हीसी किंवा चांगलं पावडर-कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम घ्या, पण स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. हजारो रुपयांची खिडकी चार साध्या स्क्रूंच्या गंजाने सैल झालेली मी पाहिली आहे. खिडकीचा उंबरा बाहेर उतरता, खाली पाणी तोडणारी खाच, वर छज्जा.

खिडकीबाहेरचा खळगा

खिडकीचा तळ जमिनीखाली जात असेल तर बाहेर तेवढी माती अडवून एक खळगा करावा लागतो. हा चिऱ्यात फार छान होतो आणि गवंड्याला शिकवावं लागत नाही. मात्र त्याचा तळ उंबऱ्यापेक्षा किमान सात-आठ इंच खाली, त्यात खडी, आणि खडीतून त्या मघाच्या पाईपला जोड. एक चौरस मीटरच्या खळग्यात १०० मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी. आपल्याकडे असा दिवस जुलैत पुष्कळदा येतो. पन्हळीचं पाणी त्यात पडत असेल तर विचारूच नका. म्हणून वर पारदर्शक पत्र्याचं उतरतं छप्पर, आणि पन्हळ दुसरीकडे.

छपराइतकीच बारीक जाळीही हवी. फणसाच्या पानांनी पाईप बुजतो, हे एक. दुसरं जास्त गंभीर: असा खळगा पावसाळ्यात बेडकांचा सापळा होतो, आणि बेडकांमागून फुरसं येतं. उशाशी खिडकी असलेल्या खोलीत ते कुणालाच नको असतं.

कधी 'नको' म्हणायचं

काही भिंतींना मी हात लावत नाही. भिंत आधीच आत फुगलेली असेल. आडवी चीर मधोमध गेली असेल. वर नेमका खांब उतरत असेल. किंवा मागची जमीन शेजाऱ्याची असेल आणि तिथे खणता येत नसेल. अशा वेळी समुद्राकडच्या मोकळ्या भिंतीतली खिडकी मोठी करता येते. किंवा वरच्या बाजूला, मातीच्या पातळीच्या वर राहणाऱ्या पट्ट्यात छोटे झरोके काढून एक्झॉस्ट पंखा बसवता येतो. राष्ट्रीय इमारत संहितेत तळघराचं छत भोवतालच्या जमिनीपेक्षा किमान ०.९ मीटर वर ठेवायला सांगितलंय, ते याच पट्ट्यासाठी.

नवं घर बांधणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते की खिडकी आत्ताच ठेवा, नको वाटली तर नंतर चिऱ्याने बुजवू. १६६४ साली सिंधुदुर्ग किल्ला बांधायला घेतला तेव्हा त्या दहा-बारा फूट जाड तटातल्या जंग्या बांधतानाच सोडल्या गेल्या. आतून रुंद, बाहेर अरुंद, खाली उतरत्या. नंतर त्या तटात एक जंगी कोरायची म्हटली असती तर काय कष्ट पडले असते, ते किल्ल्यात उभं राहिलं की कळतं. सेंट्रिंग लावताना खिडकीची चौकट सोडायला फळ्या आणि थोड्या जादा सळया लागतात. तीच खिडकी नंतर पाडायची तर वर सांगितलेलं सगळं.

जुन्या घराला पाडायचीच असेल तर दसऱ्यानंतर माती बऱ्यापैकी सुकली की सुरुवात करा, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत खळगा आणि पाईप पुरे होतात. मग खड्ड्यात टाकीने पाणी सोडून ते खालच्या आगरात निघतं का ते बघा. एप्रिलमध्ये मला फोन करून ''मे अखेरीस पाहुणे येतले,'' म्हणणाऱ्यांना मी पुढच्या वर्षीची तारीख देते. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा तर मिरगसुद्धा लागला नव्हता. उघडा खड्डा आणि टेकूवरचा स्लॅब घेऊन अशा रात्रीला सामोरं जायची माझी तयारी नाही.

तुमच्याकडे माझ्याऐवजी दुसरं कुणी काम घेणार असेल तर त्याला तीन प्रश्न विचारा. कापणी चालू असताना स्लॅब कशावर उभा राहणार? तुटलेल्या सळयांचं काम पुढे कोण करणार? आणि भिंतीमागचं पाणी कुठे बाहेर निघणार? तिन्हींची उत्तरं कागदावर काढून दाखवता आली तर भावाची बोलणी करा. नाही आली, तर त्याचं ब्रेकर मशीन टेम्पोतून खाली उतरूच देऊ नका.